उजवी बाजू

१२ ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. चिमीची परीक्षा संपली आणि लेकीचं तोंड सुरू झालं. ह्यांनी हल्ली स्वयंपाक हाती घेतलाय. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. मी मुकाट्याने खाते, नाहीतर हुरूप जाईल आणि सगळं परत माझ्याच गळ्यात पडेल. माझे केस बोटभर आलेत, चक्क कुरळे. लहानपणी तुझ्या केसांवर जळायचे, आता तू जळ.

दुकानातही जायला लागले. चष्म्यांच्या काचा बसवायचं काम बसूनच असतं, त्यामुळे हाताला ताण पडत नाही.

दुसऱ्या ऑपरेशनची तारीख कधीची, हे तू तीनदा विचारलंयस. सांगते, पण आधी दुकानातलं एक ऐक.

एक काच फुटली म्हणून कुणी आलं की आम्ही म्हणतो, दोन्ही बदलून घ्या. जुनीवर ओरखडे असतात, नवीशेजारी ती मळकी वाटते. ते खरंही असतं आणि दुकानाचाही फायदा होतो. इतकी वर्षं मी हेच म्हणत आलेय. तर गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी छाती तपासून झाल्यावर विचारलं, "उजवीचं काय ठरवलंत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक गेलीच आहे, तर दुसरीही काढून टाका." अगदी काउंटरवरच्या आवाजात.

बाई म्हणाल्या, "का?"

आमचं गिऱ्हाईक कधी का विचारत नाही गं.

मग त्यांनी समजावलं. घराण्यातला दोष शोधणारी ती रक्ततपासणी स्वच्छ आली आहे. उजवीकडे काहीही नाही. तिथे नवा कॅन्सर होण्याची शक्यता थोडी, पण अगदीच नाही असं नाही. काढली तर ती आणखी कमी होईल. पण म्हणून माझं आयुष्य वाढेल असं सांगता येत नाही, कारण खरी धास्ती डावीकडच्या आजाराची, त्याने दुसरीकडे कुठे डोकं वर काढण्याची. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "भीतीपोटी काढताय की पटलंय म्हणून, तेवढं बघा." मला ते दोन वेगळे करताच येईनात.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते." पातेलं डोक्यात घालावंसं वाटलं.

सकाळी वाटतं, काढून मोकळं व्हावं. दर तपासणीला जीव टांगणीला नको, शर्ट तरी दोन्हीकडून सारखा बसेल. आंघोळीला गेले की उलटं वाटतं. डावीकडे पाणी पडलेलं कळतच नाही, सगळं बधिर. उजवीकडे गरम कळतं, गार कळतं. लिहायला लाज वाटतेय, पण तुला नाही तर कुणाला सांगू? मला ती आवडते. तिने कुणाचं काय वाकडं केलंय?

दुपारपर्यंत परत काढायचं ठरतं. चिमी मला वेडी म्हणते.

आता म्हणशील, आवडते तर ठेव की. पण तू असं म्हणणार नाहीस. तू लिहिलंयस, "दुसरीही काढ आणि सूट," आणि रजाही काढून ठेवलीस. पहिल्या वेळी तू माझ्या उशाशी बसलीस, माझी उलटी ओंजळीत झेललीस. तुझ्यासमोर नाही म्हणायला मला तोंड नाही. आणि दुसरंही आहे. तू कधी भांडत नाहीस. नंतर फक्त एवढंच म्हणतेस, "मी म्हटलं होतं." घर घेतलं तेव्हा म्हणालीस, नोकरी बदलली तेव्हा म्हणालीस. तेव्हा मी हसून सोडून दिलं.

मी काय करणार आहे, मला खरंच माहीत नाही. तारीख घेतलेली नाही. फोनवर "ठरतंय" म्हणाले ते खोटं होतं.

रजा रद्द करू नकोस, काहीही झालं तरी ये. पण त्याआधी एक कर. ठेवली, आणि पुढे कधी तिथे गाठ निघाली, तर ते वाक्य तू म्हणणार नाहीस, तोंडाने नाही आणि चेहऱ्यानेही नाही, असं मला लिहून पाठव. कॅन्सरइतकीच मी त्या वाक्याला घाबरते, ताई. ती भीती गेली, तरच मला काय हवंय ते मला कळेल.

तू रागावलीस तरी तुझीच,
धाकटी