नाकाखालचा केस

३ फेब्रुवारी
स्ट्रोकला दीड महिना झाला. ‘स्ट्रोक’ हा डॉक्टरीणबाईंचा शब्द. माझ्या मते डावा हात आखडला होता, बस्स. उद्यापासून काम सुरू. नाटकवाल्यांना राजाचा विग हवाय. जाळीत एकेक केस गाठ मारून बसवायचा, असे हजारो. हात थोडा हट्ट करतो. करू दे.

५ फेब्रुवारी, दुपार
काम झकास. मध्ये जरा डोळे मिटून विचार केला. मुलगी म्हणते, बाबा, दोन तास विचार करत होतात आणि तोंड उघडं होतं. विचार खोल असला की तोंड उघडं राहतंच.

७ फेब्रुवारी
घरात चोरी! लांब केसांच्या जुडीतून रोज एखादा केस गायब. अस्सल केस, दोऱ्याचे नव्हेत. चोराला रंगेहाथ पकडणार. आज रात्रभर जागा राहणार.

८ फेब्रुवारी
साडेनऊलाच झोप लागली.

९ फेब्रुवारी
चोर सापडला. पहाटे जाग आली तर बायको माझ्या नाकाखाली केस धरून बसलेली! म्हणते, तुम्ही घोरता घोरता मध्येच गप्प होता, श्वासच येत नाही. केस हलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. नाहीच हलला तर तुम्हाला ढोसते. स्ट्रोकपासून रोज हेच चाललंय म्हणे. म्हणजे माझी झोप कोण मोडतं ते कळलं! दिवसा पेंग येते (क्वचित) त्याचंही कारण सापडलं.

१३ फेब्रुवारी
दोघींनी मला तपासणीला नेलं. रात्रभर अंगाला वायरी. निकाल: झोपेत घसा मिटतो आणि श्वास तासाला तीसेक वेळा थांबतो. स्ट्रोक झालेल्या पुष्कळांना होतं, तसंच सोडलं तर बीपी चढतं, दुसरा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोचा चेहरा उतरला. मी म्हणालो, मी मुळातच काटकसरी माणूस, श्वासही जपून वापरतो. कुणी हसलं नाही. यांच्या घराण्यात विनोदाचं वावडंच आहे.
उपाय: नाकावर मास्क, त्याला नळी, नळीला रात्रभर हवा फुंकणारं मशीन.

१४ फेब्रुवारी
मास्क लावला. आरशात सोंडवाला इसम. पाच मिनिटांत काढला. आयुष्यभर लोकांची रूपं मी बदलली. माझं कुणी बदलायची गरज नाही.

१६ फेब्रुवारी
योजना. मशीन किती तास चाललं ते परस्पर डॉक्टरीणबाईंना कळतं. कळू दे. आवाजाने हिची झोप मोडते, या सबबीवर मी कामाच्या खोलीत दिवाणावर झोपायला गेलो. म्हणजे मी नाही. विगचं लाकडी डोकं झोपणार, मास्क लावून, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन, खाली दोन लोड. मी कपाटामागे आरामखुर्चीत. डोकं असावं तर असं!

१७ फेब्रुवारी, सकाळ
योजना यशस्वी. किरकोळ गडबड. ही चहा घेऊन आली. पडदे ओढलेले, खोली अंधुक. तिने हाक मारली, उत्तर नाही. कपाळाला हात लावला. गार. कप फुटला. मी कपाटामागून विचारलं, साखर घातली होतीस ना?
ही खाली बसली आणि आवाज न करता रडत राहिली. मी तिला लाकूडकाम किती हुबेहूब आहे ते समजावत होतो.

दुपार
डॉक्टरीणबाईंचा फोन. मशीन आठ तास चाललंय, पण पेशंटने एकदाही श्वास घेतलेला नाही. मी म्हणालो, मला तर एकदम फ्रेश वाटतंय. मुलीने फोन हिसकावून घेतला.

१९ फेब्रुवारी
ही बोलत नाही. चहा येतो, आदळला जातो. नाटकवाल्यांनी विग परत पाठवला. भांग मानेवर आलाय म्हणे. नव्या गोष्टी लोकांना पचत नाहीत.
आज रात्री मास्क लावणार, स्वतःला. पटलंय म्हणून नव्हे. घरात शांतता फार झालीय म्हणून.

२० फेब्रुवारी, सकाळी नऊ
आपोआप जाग आली. डोकं हलकं. (योगायोग.) चहा मात्र नाही. बघायला गेलो तर ही गाढ झोपलेली. आणि चक्क घोरत होती! हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालायलाच हवं, असं ठरवत होतो, तेवढ्यात ती थांबली.
एकदम सामसूम. आता घोरेल, मग घोरेल, म्हणून उभा राहिलो. धावत जाऊन जुडीतला केस आणला आणि तिच्या नाकाखाली धरला. घाईत डाव्या हाताने. हात इतका थरथरत होता, की केस तिच्या श्वासाने हलतोय की माझ्या हाताने, तेच कळेना. ही रोज रात्री हे कसं करते?
मग ती दणदणीत घोरली. इतका सुंदर आवाज मी थिएटरातसुद्धा ऐकलेला नाही.
तिने डोळे उघडले. नाकाखाली केस, समोर मी, मास्क कपाळावर सरकलेला. काय करताय, असं तिने विचारलं. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी म्हणालो, केसाचा दर्जा तपासतोय.
ती थाप तिला पटली नाही. मलाही नाही.