तिसरा तज्ज्ञ सावनेरचा

३ जानेवारी १९७९, बुधवार
मुंबईहून उत्तर आलं. माझी टिपणी मंजूर! आमच्या सांख्यिकी कार्यालयाला भावांची जुनी यादी बदलण्यासाठी सल्ला द्यायला बाहेरचे तीन तज्ज्ञ नेमायचे. एक व्यापारी, दोन शिकलेले. पगार नाही, जाण्यायेण्याचं भाडं तेवढं. देशकर साहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडेच सरकवला. "ज्यानं सुचवलं त्यानं निस्तरावं, कुसुमबाई." १२ फेब्रु.ला संचालक येणार, त्याआधी तिन्ही नावं हवीत. नाहीतर टिपणी फायलीत आणि मी पुन्हा कंदिलाच्या काचेवर.

दर आठवड्याला बाजारात जाऊन काचेची किंमत विचारते. का, तर ती यादीत आहे. यादीत खडावा आहेत, धोतरजोडी आहे. स्टोव्ह नाही, एस.टी.चं भाडं नाही. आणि याच यादीवरून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ठरतो. बाबा गिरणीत होते. म्हणायचे, "तुमच्या हिशेबानं आम्ही अजून कंदील लावूनच बसलो आहो." त्यांच्यासाठी लिहिली होती टिपणी. वाचायला ते राहिले नाहीत.

८ जाने.
पहिले तज्ज्ञ, निवृत्त प्राचार्य काळे. हो म्हणाले, पण अटी: अध्यक्ष तेच, हातांची खुर्ची, आणि दुपारी एक ते चार बैठक नाही, त्या वेळी ते झोपतात. मग इंग्रजांच्या सी.पी. प्रांताच्या काळात साहेब लोक घोड्यावर बसून आकडे कसे गोळा करत यावर व्याख्यान. चहा दोनदा झाला, घोडा काही थांबेना. यादी बदलायची म्हटलं तर म्हणाले, "खडावा राहू द्या. आम्ही वापरतो."
अर्थशास्त्राचे! असो. एक झाले.

११ जाने.
गांधीबाग. नंदनवार शेठ, लुगड्यांचे ठोक व्यापारी. मी रजिस्टर काढलं मात्र, त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. "बाई, धंदाच नाही राहिला. माशा मारून राहिलो." आत सहा गिऱ्हाइकं बसलेली. इन्कम टॅक्सची नाही, हे पटवण्यातच दुपार गेली. मग विचारलं, "पगार भेटते का?" नाही म्हटलं. शेठ खुश. "बिनपगारी? मंग तं सल्ला खरा असन!" तयार झाले. दारावर 'सरकारी तज्ज्ञ' अशी नावाची पाटी लावायची परवानगी मात्र मागितली.

घरी आले तर आईचा चेहरा पडलेला. गेल्या रविवारी वर्ध्याचे लोक मला पाहून गेले होते, त्यांचा निरोप नाही. जाताना 'कळवतो' म्हणाले होते. कळवतो म्हणजे नाही, हे समजायला एकतिसाव्या वर्षी सांख्यिकी लागत नाही. आईला अजून लागते.

१६ जाने.
तिसरा मिळेना. बिनपगारी म्हटलं की सगळ्या प्राध्यापकांना नेमके पेपर तपासायचे असतात. शेवटी एका कॉलेजात प्रा. भोयर भेटले, सांख्यिकी शिकवतात, सावनेरहून रोज एस.टी.नं येतात. तासाला चालले होते. जिन्यातच म्हणाले, "रविवारी घरी या, निवांत बोलू. यादी आणा मात्र." यादी आणा म्हणणारा पहिला माणूस.

२१ जाने., रविवार
सावनेर. हे लिहून ठेवलंच पाहिजे.
भोयर सरांच्या आई दारातच उभ्या. "ये वं पोरी. काहून, एकटीच आली? संगं कोणी नाही?" ऑफिसच्या कामाला सोबत कशाला, म्हटलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "जाय गा, पोहे आन."

आणि ते ट्रे घेऊन आले. दोन्ही हातांत ट्रे, कप किणकिणताहेत, नजर खाली. मला हसू आवरेना. आजवर तो ट्रे मीच धरत आले. समोर बसून पोहे खाणारी बाजू मी पहिल्यांदाच पाहिली. बरी असते.

मुंबईचा माहितीचा फॉर्म भरायचा होता. नाव, जन्मतारीख, शिक्षण, वेतन, शेती. सरांच्या आधी आईच उत्तरं देत होत्या. "बारा एकर. संत्र्याचा बगिचा अलग. कर्ज नाही, बिडी नाही." जन्मतारीख विचारली तर आत जाऊन पत्रिकाच घेऊन आल्या. मीही, हात लिहिता होता म्हणून, जन्मवेळ टिपून घेतली.

सर मात्र यादीत बुडाले होते. बऱ्याच वेळानं मान वर केली. "तुमचा आकडा खोटा नाही. म्हातारा आहे. याला आजची माणसं दाखवा." वर्षभर मला जे सांगता येत नव्हतं ते. बाबांची आठवण आली एकदम. यांच्याशिवाय समिती म्हणजे खडावा आणि पाटी.
निघताना आईंनी कुंकू लावलं, खण-नारळ हातात दिला. संक्रांतीचे दिवस, म्हटलं असेल.

२२ जाने.
नारळ पाहून आई जागीच उभी. "हे कोणं देल्लं तुले?" सांगितलं. "संक्रांतीच्या वाणात वाटी देतात, चमचा देतात. तेही लग्न झालेलीले. खण-नारळ पोरगी पसंत पडल्यावर देतात, कुसुम!" मी हसले. आई हसली नाही, देवाला साखर ठेवली.

२७ जाने., शनि.
ऑफिसातून आले तर भोयरांच्या आई आमच्या घरी! संत्र्यांची टोपली, दोघी मांडीला मांडी लावून. "पोरीनं सोताच येऊन पाह्यलं, मले तं लय आवडलं. आजकाल असंच पाह्यजे."
म्हटलं, मावशी, मी सरकारी कामासाठी आले होते.
"मंग पगार काहून इचारला?"
फॉर्म होता.
"शेती?"
तेही फॉर्ममध्ये.
"आन् जन्मवेळ?"
यावर मी टोपलीतलं संत्रं सोलायला घेतलं. आई माझी, पण मान त्यांच्या बाजूनं हलवत होती. पत्रिका जुळते म्हणे. म्हणजे दोघींची ती बघूनही झाली!

२ फेब्रु.
सर ऑफिसला आले. कान लाल. "आईचं मनावर घेऊ नका. मी सांगितलं होतं, ऑफिसच्या बाई येणार. तिला पटलं नाही." मग यादीवरचं टिपण पुढे केलं: काय काढायचं, काय घालायचं, आणि का. इतकं नीटस की मी तिथंच दोनदा वाचलं. एस.टी.चं भाडं सगळ्यात वर. जाताना दारात थांबले, काहीतरी... मग छत्री विसरली म्हणाले. थंडीत छत्री कशाला आणली होती?

५ फेब्रु.
देशकर साहेबांनी आत बोलावलं. आईनं त्यांच्या मिसेसना देवळात पेढे दिले होते. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय! "अभिनंदन, कुसुमबाई. पण नियम माहीत आहे ना? कर्मचाऱ्याचा नातेवाईक समितीत चालत नाही. मुदत तीन वर्षं. लग्न असेल तर ते नाव काढा, दुसरं द्या." दुसरं कुठून देऊ? म्हटलं, काही ठरलं नाही साहेब. "मग ठरवा. सोमवारी संचालक."
भोयर सरांच्या जागी साहेबांचे एक निवृत्त मित्र तयार आहेत. तेही दुपारी झोपतात.

७ फेब्रु.
आईला नियम समजावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कंदिलाच्या काचीसाठी पोरगा सोडतं?"
काचेसाठी नाही गं. बाबांसाठी. पण मोठ्यानं म्हणवलं नाही.
भोयरांच्या आईंचा निरोप: तीन वर्सं थांबा म्हणाल तं बगिचा म्हातारा होईन, मीबी.

९ फेब्रु., शुक्र.
सर आले. नियम त्यांना कळला होता, कर्मचाऱ्याचा नातेवाईक नसल्याचं प्रतिज्ञापत्र शब्दन् शब्द वाचलेलं. टेबलाच्या त्या बाजूला बसले. पेपरवेट फिरवत म्हणाले,
"आई चुकीचं समजली असं मी म्हणालो. मी मात्र चुकीचं समजलो नव्हतो. मला तुम्ही आवडलात. त्या दिवशी यादी बघताना अर्धं लक्ष नव्हतं."
म्हटलं, अर्धं लक्ष नसताना एवढी चांगली चूक काढली?
हसले. मग गंभीर. "दोन्ही जमणार नाही. समिती तुमची आहे, काम मनापासून करीन. दुसरं म्हणाल तर तेही मनापासून. मला दोन्हीत आनंद आहे. तुम्ही सांगा."
इतकं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आजवर कोणी मलाच विचारलं नव्हतं. तोंडातून निघालं, "कळवते."
त्यांनी मान हलवली. छत्री उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली.

११ फेब्रु., रवि.
आईनं न विचारता खण शिंप्याकडे टाकला. शिंपी विचारतोय, बाही केवढी ठेवू. त्यालाही कळवायचं आहे.

उद्या संचालक. प्राचार्य काळे, नंदनवार शेठ, अशी दोन नावं टाइप झाली. तिसरी ओळ कोरी. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं सर येतील, कॉलेजला जाण्याआधी ऑफिसात डोकावतील. 'हो' कशाला म्हणायचं, समितीला की लग्नाला, ते अजून...
कळवतो म्हणून जाणाऱ्यांना काहीच वाटत नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वाटतं. आज जेवण गेलं नाही.