तेवीस नंबरचं पुस्तक

मुलुंड (पूर्व),
बुधवार, १३ ऑगस्ट १९८६

प्रिय सुगंधा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे दहिसरची हवा तुला मानवलेली दिसते. तीन वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही. त्याआधीची नऊ वर्षं मात्र दुसरं काही केलं नाही, तू पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मान वर करून आणि मी दुसऱ्या मजल्यावरून खाली वाकून. बोलणं तू टाकलंस. का टाकलंस ते मला ठाऊक आहे आणि तिथपर्यंत मी येणारच आहे, पण मला थोडा वळसा घेऊन येऊ दे. सरळ यायची हिंमत असती तर तीन वर्षं लागली नसती.

वळसा म्हणजे आमची अनुपमा. तू गेलीस तेव्हा सात वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेली. आता दहाची आहे, पाचवीत. दात आले, वाचन आलं नाही. म्हणजे अक्षरं येतात गं, पण पुस्तक पुढे केलं की चेहरा एरंडेल पाजल्यासारखा. बोट ठेवून दोन ओळी वाचते, जांभई देते आणि पानं किती उरली ते बघते. शाळेत बाईंनी बोलावून विचारलं, घरी वाचनाचं काही वातावरण नाही का? मला विचारलं, सुगंधा. जिचे विनोदी लेख रविवारच्या पुरवणीत येतात, तिला. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात आमचे हे शेजारून म्हणाले, ‘नाही.’

मग मी इरेला पेटले. सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे पंपाशेजारच्या त्या खोलीत, दर रविवारी सकाळी मुलांचा वाचनवर्ग सुरू केला. बिल्डिंगभर फिरून पुस्तकं गोळा केली. लोक कुठली पुस्तकं दान देतात ते तुला सांगायला नको. जी त्यांच्या घरात कोणी कधी उघडली नाहीत ती. सगळी थोर पुरुषांची चरित्रं, त्यातले निम्मे थोर पुरुष लहानपणीही कंटाळवाणे. अकरा मुलं जमली, लिमलेटच्या गोळ्यांच्या आशेनं. प्रत्येक धड्यानंतर मी पाच प्रश्न विचारायची आणि वर तात्पर्य. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की या वर्गात मुलांना तहान फार लागते. एक पाणी प्यायला जायचं ते जेवायच्या वेळेला सापडायचं. सी विंगमधला बेसिल तर मला तोंडावर म्हणाला, ‘आंटी, गोळी आधी द्या ना, मग मी बसतो का ते बघतो.’ अनुपमा माझी मुलगी म्हणून पळू शकत नव्हती. ती माझ्याकडे बघत बसायची, गोठ्यातल्या वासरासारखी.

आता माझी चूक ऐक. मला पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची खोड आहे, तू म्हणायचीस की ही बाई झोपलेल्या नवऱ्यालाही कव्हर घालील. त्या खोलीत कपाट एकच, वरच्या खणात सोसायटीची दप्तरं, खाली आमची पुस्तकं. एका दुपारी मी सगळा गठ्ठा काढला, खळ केली आणि एका दमात एकतीस कव्हरं घातली, नंबर टाकले. नंतरच्या रविवारी अनुपमा आणि बेसिल दोघांनी मिळून जांभया दिल्या, तेव्हा शिक्षा म्हणून त्यांना सगळ्यांत जाड पुस्तक काढून दिलं. तेवीस नंबर. आणि मी गोळ्या मोजत बसले.

दहा मिनिटं आवाज नाही. मग बेसिल फिसकन् हसला. मग अनुपमा हसली. मग एकेक पोर सरकत त्यांच्याभोवती गेलं. अनुपमा मोठ्यानं वाचायला लागली आणि वाचलं ते हे:

‘आज सकाळी साडेनऊ वाजता वरच्या बिऱ्हाडाने ओली सतरंजी कठड्यावर टाकली. खाली माझे पोह्याचे पापड. दोन दिवस पापडांनी जे ऊन खाल्लं होतं ते सतरंजीने पाच मिनिटांत ओकायला लावलं. आता ते पापडही नाहीत आणि पीठही नाहीत. त्यांना काय म्हणायचं ते कमिटीने लेखी कळवावं. सौ. सुगंधा, बी-४.’

तेवीस नंबर म्हणजे सोसायटीची तक्रारवही होती गं. ते ओळखल्यावर मी उठून ती काढून घ्यायला हवी होती. पण अनुपमाचं बोट ओळीवरून सुटलं होतं. डोळे पुढे धावत होते, आवाज मागून येत होता. पान संपलं तशी तिनं स्वतःहून उलटलं आणि विचारलं, ‘पुढे?’ हा शब्द तिच्या तोंडून निघावा म्हणून मी दोन वर्षं तिला बदाम भिजवून घालत होते.

चार रविवार वर्ग तुडुंब. कोणाला तहान नाही. तुझ्या तक्रारींवर उत्तरं माझी होती, आठवतं ना, ‘उपरोक्त तक्रारीच्या संदर्भात’ अशी सुरुवात करून चार चार पानं. मुलं ती गाळायची. मी म्हटलं, अरे दोन्ही बाजू वाचा. तर माझी लेक म्हणाली, ‘आई, तुझं लांब आहे. मावशीचं भारी आहे.’

धोंडिरामभाऊंना कळलं. अजून तेच सेक्रेटरी आहेत. सोसायटीची अब्रू गेली म्हणून त्यांनी वही कुलपात टाकली आणि मीटिंग बोलावली. मीटिंगच्या सकाळी ऑफिसच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकली: ‘तक्रारवही वाचायला मिळत नाही अशी आमची तक्रार आहे. ती कुठे लिहायची?’ खाली अकरा सह्या. आपणहून लिहिलेलं त्यांचं ते पहिलं लिखाण, आणि एकही चूक नाही. मीटिंगमध्ये मला वाटलं लोक मला फाडून खातील, पण ए विंगच्या चंद्रप्रकाशना राग वेगळाच होता. लिफ्टसाठी त्यांनी सहा तक्रारी लिहिल्या होत्या आणि मुलांनी त्यातली एकही वाचली नव्हती. शेवटी ठरलं की तीन वर्षांपूर्वीच्या शिळ्या तक्रारी मुलांनी वाचायला हरकत नाही.

म्हणजे तुझ्याच. मुलं वाचत वाचत मे १९८३ला येऊन पोचली. तुझी शेवटची तक्रार. ‘आजची तक्रार पाण्याची नाही, पापडांची नाही. आज मी बी-८च्या बाईंबद्दल खरं ते लिहिणार आहे.’ म्हणजे माझ्याबद्दल. पान संपलं. अनुपमानं उलटलं तर पुढचं पान नाही. तिनं विचारलं, कोणी फाडलं? मी म्हटलं, उंदरानं. तिनं वही डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, ‘उंदीर पट्टी लावून फाडतो?’

सुगंधा, या पोरीला वाचायला येत नव्हतं तोवर मी सुरक्षित होते. आता ती मिळेल ते वाचते. घरी येऊन तिनं माझ्या कात्रणांची वही काढली. रात्रीच्या भाजीची गवार मी मोडत होते, तर समोर येऊन वाचायला लागली: ‘आमचा नळ आधी खोकतो, मग शिंकतो, घसा साफ करतो आणि भाषण न करताच खाली बसतो. एवढा सभ्य वक्ता आमच्या कमिटीत दुसरा नाही.’ या वाक्याबद्दल मला ओळखी-अनोळखी लोकांची कौतुकाची पत्रं आली होती. ती म्हणाली, ‘आई, हे मावशीचं आहे. तेवीस नंबरमध्ये आहे.’ मग पापडांचं काढलं. ते मी शेवयांचं करून छापलं होतं. असे पाच लेख निघाले. ह्यांनी सगळं ऐकलं आणि वर्तमानपत्र वर धरलं.

फाटलेल्या पानावर तू तेच लिहिलं होतंस. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती आणि धोंडिरामभाऊ ते मोठ्यानं वाचणार होते. मी सकाळी वही मागून आणली आणि पट्टी लावून पान काढलं. तुला वाटलं, भाऊंनी काढलं. तू जिन्यात त्यांना जे बोललीस ते सगळं मी वरच्या पायरीवर उभी राहून ऐकलं, आणि तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी ‘काय ही माणसं’ अशी मान हलवली. तेवढ्यावर गप्प राहिले. पावसाळा संपता संपता तुम्ही सामान हलवलंत.

गेले दोन रविवार अनुपमानं पुस्तकाला हात लावलेला नाही. म्हणते, ज्यातली पानं काढलेली असतात ते मी वाचणार नाही, आणि आमच्या घरात कुठली काढली आहेत ते तिला सांगता येत नाही म्हणून काहीच वाचणार नाही. बाकीची मुलं तिच्या बाजूनं आहेत. मला तिला दटावता येत नाही, गोळ्या देता येत नाहीत, तात्पर्य तर नाहीच नाही. पान मी जाळलं नव्हतं. पैठणीच्या घडीत ठेवलं होतं. ते या पत्रासोबत पाठवते आहे. भाऊंना आज सकाळी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की सुगंधावहिनींना माझा नमस्कार कळवा. अनुपमानं पान वाचलेलं नाही. घडी तिच्या हातात दिली होती, तिनं तशीच परत केली आणि म्हणाली, ज्यांचं आहे त्या वाचतील. तर रविवारी दहा वाजता ये, सुगंधा, आणि सगळ्यांसमोर वाच. मी मुलांबरोबर खाली चटईवर बसेन. मला ऐकायचं आहे. यायचं नसेल तर निदान तसं दोन ओळींत लिही, म्हणजे मी तेही तिला दाखवीन.

तुझीच,
नलिनी