ए टू झेड, ईस्टरच्या आत

१ जानेवारी १९५३, गुरुवार
नवं वर्ष, नवी वही. काल केळी घेऊन दादरला गेलो होतो, तिथे फूटपाथवर इंग्रजी समानार्थी शब्दांचं जाडजूड पुस्तक मिळालं. रिकाम्या टोपलीत घालून उमेळ्याला आणलं. बाबा म्हणाले, आता बैल विकून चष्मा घे. दुर्लक्ष केलं.

कारण लिहून ठेवतो, वही माझी आहे. शेजारच्या वाडीतल्या फ्लॉसीशी मला लग्न करायचंय. नाताळात तिच्याकडे फराळ द्यायला गेलो तेव्हा तिचे वडील, अँथनी मास्तर, आमच्या बाबांना सांगत होते, आपल्याला काही नको, घरात येऊन दोन शब्द बोलेल असा जावई मिळाला की झालं. मास्तरांनी बत्तीस वर्षं शाळा चालवली. असा माणूस दोन म्हणतो तेव्हा दोन हजार समजायचे.

संकल्प : रोज वीस शब्द, प्रत्येकाचे पाच समानार्थी. ए टू झेड, ईस्टरच्या आत. मग फ्लॉसीशी बोलायचं. त्याआधी नाही. अर्धवट तयारीने बोलणारे गावात पुष्कळ आहेत.

नियम : एक अक्षर संपल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

२ जानेवारी
अबँडन : फोरसेक, डेझर्ट, रिलिंक्विश. दोन विसरलो. पहिला दिवस आहे.

९ जानेवारी
अभ्यासाला जागा सापडली. रहाट. बैल गोल फिरतो, मी मागून फिरतो, एका फेरीला एक शब्द. बैलाला मागून आवाज लागतो, आवाज थांबला की बैलही थांबतो. पूर्वी मी हो हो करायचो, आता अबँडन, अबेट, अबेटमेंट म्हणतो. त्याला फरक पडलेला नाही. धाकटी बहीण लुसी म्हणाली, बैल मॅट्रिक होईल तुझ्याआधी. हिला कधीतरी सुनावणार आहे. तो शब्द अजून यायचाय.

२० जानेवारी
अजून ए. पुस्तक लिहिणाऱ्याची चूक आहे, ए मध्ये इतके शब्द भरायची गरज नव्हती. आठवड्याला वीस केले आहेत. खोल अभ्यास महत्त्वाचा.

५ फेब्रुवारी, दुपारी
पाठांतर रंगलं आणि पाणी जास्त वेळ चाललं. आमच्या केळी भरून पाट मास्तरांच्या वाडीत गेला. फ्लॉसी कुंपणाशी आली. म्हणाली, झेंडूत गुडघाभर पाणी झालंय, आणि तू रोज कुणाशी बोलतोस?

मी म्हणालो, अफेबल. म्हणजे मनमिळाऊ. बैलाकडे बघून म्हणालो, पण तिच्यासाठी म्हणालो. ती पाट वळवून गेली. छाप पडली.

१८ फेब्रुवारी
राखेचा बुधवार. उपासकाळात मटण सोडायची पद्धत आहे. मी आळस सोडला आहे. उद्यापासून.

२ मार्च
फ्लॉसी आता रोज कुंपणाशी येते. कधी म्हणते, केळीवर कीड दिसतेय, बघ. कधी म्हणते, लुसीला शिवणाचा कागद हवाय का विचार. आज काहीच न म्हणता शेंगा सोलत बसली. मी अफेक्शनवर होतो. फाँडनेस, अटॅचमेंट, डिव्होशन. मोठ्याने म्हणालो. तिने वर बघितलं. मी लगेच अफिक्सवर गेलो. घाईने काही बोलून जायचं नाही.

बाबा म्हणाले, पोरगी रोज येऊन बसते आणि तू बैलाच्या शेपटीशी गप्पा मारतोस, अक्कल गहाण ठेवली आहेस का? बाबांना प्लॅनिंग कळत नाही. बाबा तिसरी शिकले.

१५ मार्च, रविवार
महत्त्वाचं. मिस्साच्या प्रार्थनेनंतर फ्लॉसीने देवळाच्या आवारात मला बाजूला घेतलं. म्हणाली, होळी गावाहून स्थळ आलंय. पीटर. भाजीची वाडी आहे. बाबा म्हणतात तुला हवं तेच होईल. तुझ्या मनात काही असेल तर आत्ता सांग, मी थांबेन.

होकाराचे पाच शब्द मला पाठ होते : असेंट, कन्सेंट, कन्कर, ॲक्सीड, ॲक्विएस. कन्सेंट कोर्टातला वाटतो. ॲक्विएस म्हणजे नाइलाजाने कबूल, तो तर मुळीच नको. आणि मनातला खरा शब्द एल मध्ये आहे, एल पर्यंत मी पोचलेलो नाही. मी म्हणालो, एक आठवडा दे. ती म्हणाली, एका हो ला आठवडा? मी म्हणालो, हो साधं नसतं. ती वळून बायकांत गेली.

पीटरची भीती नाही. त्याला एकूण दोनशे शब्द येत असतील, त्यातले दीडशे भाज्यांचे.

२२ मार्च
आठवडा झाला. उत्तराचा मसुदा चार पानी आहे. पाच पानी केल्यावर देईन.

२४ मार्च
पीटर मास्तरांकडे आला होता. लुसी तिथेच होती. आल्या आल्या म्हणाला, मला फ्लॉसी आवडते, तिला मी आवडतो का विचारा. बस्स. इतकंच. लुसीला ते फार ग्रेट वाटलं. बाजारात वांगी विकताना माणूस यापेक्षा जास्त बोलतो.

५ एप्रिल, ईस्टर
ए जवळजवळ संपला. ईस्टर दरवर्षी वेगवेगळ्या तारखेला येतो, यात माझा दोष नाही.

१२ एप्रिल, रविवार
मिस्सामध्ये फादरांनी लग्नाची पहिली चिठ्ठी वाचली. पीटर, होळी. फ्लॉसी, उमेळे. कुणाची हरकत असेल तर कळवावं. सगळं देऊळ माझ्याकडे बघतंय असं वाटलं. कुणी बघत नव्हतं, फक्त आई बघत होती.

जेवलो नाही. वाईट वाटलं, फार वाटलं. पण रडणारा मी नाही. चिठ्ठी तीन रविवार वाचतात. हा रिवाज आपल्या पूर्वजांनी माझ्यासारख्यासाठीच ठेवला. नियम मोडला, पानं उलटली, थेट ओ वर गेलो. ऑब्जेक्शन : प्रोटेस्ट, डिसेंट, डिमर, रेमन्स्ट्रन्स.

१९ एप्रिल
दुसरी चिठ्ठी. उठणार होतो. रेमन्स्ट्रन्सचा उच्चार नक्की नव्हता. देवळात चुकीचा शब्द म्हणजे गाव आयुष्यभर नाव ठेवणार. अजून एक रविवार आहे.

बैल दिवसभर उभा. मला शब्द म्हणावेसे वाटले नाहीत. बाबांनी स्वतः ओरडून चार फेऱ्या मारून घेतल्या आणि मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२६ एप्रिल
तिसरी चिठ्ठी वाचून झाल्यावर फादरांच्या खोलीत गेलो. ताठ गेलो. म्हणालो, हरकत आहे. फादरांनी वही काढली. विचारलं, मुलाचं आधी लग्न झालंय का? नाही. जवळचं नातं? नाही. मुलीवर जबरदस्ती? नाही. मग काय? मी कागद वाचला. अकरा ओळी, पूर्ण इंग्रजीत, एकदाही अडखळलो नाही.

फादरांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, हे फ्लॉसीला कधी म्हणालास? मी म्हणालो, तयारी चालू होती. ते म्हणाले, मग बाळा, तू मला हरकत सांगत नाहीस, तू चुकलेली वेळ सांगतोस. वही मिटली. जाताना म्हणाले, इंग्रजी मात्र चांगलं आहे, अँथनी मास्तर लग्नात टोस्टच्या भाषणाला माणूस शोधतायत.

नाही म्हणणार होतो. रिफ्यूज, डिक्लाइन, रिजेक्ट, स्पर्न. चारही येतात. घरी पोचलो तर मास्तर ओटीवर बसलेले. हात जोडून म्हणाले, सेबेस्टियन, आमच्याकडे दोन शब्द बोलणारं दुसरं कोण आहे? हो म्हणालो. त्याला आठवडा लागला नाही.

३ मे, रविवार, रात्री
टोस्ट दिला. कोट लुसीने इस्त्री करून दिला, आज चिडवलं नाही. ग्लास हातात, समोर दोनशे माणसं, मुंबईचे पाहुणे पहिल्या रांगेत. फेलिसिटी, ब्लिस, कन्जुगल हार्मनी. टाळ्या पडल्या. पीटर सगळ्यात मोठ्याने वाजवत होता, त्याला एक शब्द कळला नसणार. शेवटी उभा राहून त्याने मला मिठी मारली. माणूस वाईट नाही, हे लिहायला मला आवडत नाही.

नंतर फ्लॉसी वाइनचा ग्लास परत घ्यायला आली. म्हणाली, छान बोललास. दीड महिना कुंपणाशी बसून ऐकत होते. वाटायचं, यातला एकतरी शब्द माझ्याशी असेल.

मी म्हणालो, सगळेच तुझ्याशी होते.

हे म्हणालो नाही. हे आत्ता, घरी आल्यावर सुचलं. तिथे मी योग्य शब्द शोधत होतो, आणि तेवढ्यात तिला फोटोसाठी बोलावलं.