राखेच्या तळ्याकाठचा बाक

परळी वैजनाथ,
सोमवार. दुकान उघडलं आहे, गिऱ्हाईक यायचं आहे.

समुद्रकाठचे रहिवासी आणि माजी परळीकर, माझे मित्र आश्रुबा यांस,

वैजिनाथअप्पाचा शरणार्थ आणि रामराम. एक आमच्या घरचा, एक तुमच्या घरचा, दोन्ही ठेवून घे. तब्येत कशी आहे? गुडघे खाऱ्या वाऱ्यात गप्प बसतात की तिथंही कुरकुर करतात? मुलाची बंदरावरची नोकरी ठीक चाललीय ना? नातवाला तू आपलं बोलणं शिकवलंस, की तूच त्याच्याकडून कोकणातला हेल काढायला शिकलास? तुझे डोळे आता वाचायला साथ देत नाहीत, तेव्हा हे पत्र सूनबाई शिवकन्या तुला मोठ्यानं वाचून दाखवणार हे मी धरून चाललोय. शिवकन्येला अनेक आशीर्वाद आणि एक विनंती. मधेमधे कंस येतील, त्यातले काही मोठ्यानं वाचू नकोस, बाळ. कुठले ते तुझं तुला कळेल. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू नुसता 'हां, हां' करतोस आणि मी बोललेलं तुला ऐकू आलं की नाही हे मला तू फोन ठेवल्यावरसुद्धा कळत नाही. पत्रात मला निदान बोलणं पूर्ण करता येतं.

माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. तुझी वहिनी नीलाबाई गेल्यापासून भाकऱ्या मीच थापतो. त्या अजून गोल होत नाहीत, पण खाणारा एकच असल्यामुळं तक्रार येत नाही. (तक्रार करायला कुणी असतं तर बरं झालं असतं. शिवकन्या, हा कंस गाळ.) वीज केंद्राचे जुने संच बंद पडले, जुन्या चिमण्या पाडल्या आणि कॉलनी ओस पडत गेली, इथवर तू होतासच. तू गेल्यावर उरलेसुरले पण गेले. कुणी मुलाकडं पुण्याला, कुणी मुलीकडं लातूरला. कॉलनीच्या फाटकासमोर माझं दुकान मात्र आहे तिथंच आहे. पाळी सुटली की जिथं साबणाला, बिडीला, पोरांच्या वह्यांना झुंबड उडायची, तिथं आता सटवा धनगराच्या शेळ्या दुपारी सावलीला येऊन बसतात. निवांत रवंथ करतात, घेत काही नाहीत. (सटवाही घेत नाही.) परवा मी एका शेळीला सबंध पेपर वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला आणि मग खाल्ला.

तर एवढ्या निवांतपणात आपल्या गावाचं पुनरुज्जीवन सुरू झालं आहे. दचकू नकोस. पुण्याहून रुचिका मॅडम म्हणून एक सल्लागार बाई आल्या आहेत. वयानं आपल्या पोरींएवढ्या, स्वभावानं गोड, आणि उत्साह असा की बघूनच आपल्याला दम लागावा. त्यांचं म्हणणं, ज्या गावाचा कारखाना बंद पडतो त्या गावानं स्वतःच एकत्र बसून पुढचं ठरवायचं असतं. याला लोकसहभाग म्हणतात. त्यासाठी समिती हवी, समितीला बैठक हवी, बैठकीला सतरंजी हवी, आणि कॉलनीच्या आसपास धड सतरंजी माझ्याकडंच उरलेली (आपल्या गणेश मंडळाची, तू एका कोपऱ्यावर चहा सांडलेली), म्हणून मी सभासद झालो. अध्यक्ष हरिओमशेठ, राखेच्या विटांचे कारखानदार. त्यांनी खुर्ची आणली होती. पहिल्या बैठकीत मॅडमनी गावाचा मोठा नकाशा अंथरला, सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाल्या, तुमचं स्वप्न लिहा आणि नकाशावर चिकटवा. थोड्या वेळानं बघतो तर प्रत्येकानं आपापल्या घरापुढं चिठ्ठी चिकटवलेली आणि प्रत्येकीवर एकच स्वप्न : इथला खड्डा बुजवा.

मॅडम हिरमुसल्या नाहीत. त्यांनी नमुन्यादाखल एक आराखडा वाचायला दिला. परदेशात कुठंतरी समुद्रकाठी एक गाव आहे, तिथली गिरणी बंद पडली, माणसं निघून गेली, मग उरलेल्यांनी एकत्र बसून गाव पुन्हा उभं केलं. त्यात काय नाही! किनाऱ्यावरचा फेरफटका मार्ग, जुनं बंदर, दीपगृह, होड्यांचा धक्का. मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या की हा नुसता नमुना आहे, आपण आपल्याजोगा बदलायचा. पण तुला आपली माणसं माहीत आहेत. अर्धी समिती केंद्रातून निवृत्त झालेली. वरून आलेल्या कागदावर रेघ मारायची नाही, आहे तसा अंमलात आणायचा, यावर ज्यांनी उभं आयुष्य काढलं, त्यांना तुम्ही खोडा म्हणता? हरिओमशेठ तर उभेच राहिले. "मॅडम, समुद्र आलाय ना वरून? मग त्यो ऱ्हाऊ द्या. खोडला की निधी परत जातोय, आमी लई बगितलंय." समुद्र एकमतानं मंजूर झाला. मॅडमनी डोक्याला हात लावला. आमच्या लोकांना वाटलं, ऊन लागलं, म्हणून त्यांना पाणी दिलं.

आता मंजूर झालेला समुद्र आणायचा कुठून? बराच खल झाला आणि केंद्राची राख पाण्यात कालवून जिथं सोडायचे, त्या राखेच्या तळ्यावर शिक्कामोर्तब झालं. पाणी आहे, काठ आहे, पलीकडचं धड दिसत नाही, आणखी काय पाहिजे? मग समितीत समुद्र पाहिलेलं कोण, हा प्रश्न निघाला. कुणीच नाही. तेव्हा मी छाती पुढं काढून सांगितलं की आमचा आश्रुबा समुद्राकाठीच राहतो आणि आमचं बोलणं असतं. झालं, मला समुद्राचा जाणकार सभासद नेमलं! लगेच माहिती विचारली. मी आठवून आठवून बघितलं, तर गेल्या दिवाळीपासून तू मला समुद्राविषयी एकच वाक्य सांगितलंयस : "पानी लई हाय, पन पिता येत न्हाई." तेवढंच मी गंभीरपणे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. राखेच्या तळ्यालाही ते तंतोतंत लागू पडत होतं.

मग स्थळपाहणी ठरली. आम्ही सगळे टेम्पोत बसून तळ्याच्या बांधावर गेलो. त्या दिवशी वाऱ्याला काय झालं होतं कोण जाणे. काठावरची वाळलेली राख अशी उठली की किनारा, समुद्र, अध्यक्ष, काहीच दिसेना. परतलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत सगळे पांढरे. टेम्पो नेमका देवळाच्या पायऱ्यांपाशी बंद पडला. आम्ही खाली उतरून रांगेत उभे राहिलो, तेवढ्यात यात्रेकरूंची बस आली. ज्योतिर्लिंगाचं गाव, श्रावणातला सोमवार आणि समोर सर्वांगाला भस्म लावलेली म्हातारी माणसं निमूटपणे उभी! एका बाईनं सरळ हरिओमशेठच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलीचं लग्न कधी जमेल विचारलं. शेठनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा आभाळाकडं, आणि हात वर करून म्हणाले, "जमंल." त्या दिवसापासून ते बैठकीत हळू आवाजात बोलतात. माझ्याही हातात एका म्हाताऱ्यानं नारळ ठेवला. मी खूप सांगितलं की बाबा, मी किराणावाला आहे. तो म्हणाला, सगळी त्याचीच लीला. नारळाची चटणी केली. चार दिवस पुरली. नीलाबाई असती तर एका जेवणात संपली असती, कारण तू असतासच जेवायला.

समितीनं प्रत्यक्ष केलेलं काम म्हणशील तर एक. बांधावर एक बाक बसवला, तळ्याकडं तोंड करून. त्या परदेशी आराखड्यात एक चित्र आहे. समुद्राकडं तोंड करून दोन म्हातारे बाकावर बसलेत, आपल्याला त्यांच्या पाठी दिसतात. मॅडमना तसाच फोटो पुण्याला पाठवायचा होता. एक म्हातारा म्हणून मी लगेच बसलो. दुसरा काही मिळेना. हरिओमशेठना पाठमोरा फोटो मान्य नव्हता. निवृत्त मंडळींना उन्हाचं वावडं. शेवटी सटवाला बसवलं, पण मॅडम 'हलू नका' म्हणाल्या आणि नेमक्या तेव्हाच त्याच्या शेळ्या शेजारच्या ज्वारीत शिरल्या. फोटोत आता माझी पाठ आहे आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सटवाची काठी. सगळे हसले, मीही हसलो. मग सगळे गेले आणि मी उगाच बसून राहिलो. आश्रुबा, तुला खरं सांगतो, पुनरुज्जीवन वगैरे ठीक आहे, पण त्या बाकावर मला तुझी इतकी आठवण आली की मी मोकळ्या जागेवर टोपी काढून ठेवली. म्हणजे कुणी बसू नये म्हणून. बसायला तिथं कुणी नव्हतंच.

तिथंच मला ठराव सुचला. पुढच्या बैठकीत उभा राहिलो आणि मांडला की दीपगृह मागाहून बघू, आधी कॉलनीतल्या रिकाम्या खोल्या, ज्या निवृत्त माणसांना परत यायचं असेल त्यांना राहायला मिळाव्यात म्हणून मागणी करू. गाव माणसांनी उभं राहतं, मग माणसं आधी बोलवू. सूचक वैजिनाथ. आणि अनुमोदन कुणाचं, म्हणून मॅडमनी विचारलं. आश्रुबा, एक आवाज आला नाही. होड्यांच्या धक्क्याला अनुमोदन द्यायला भांडणं झाली होती, बरं का. हरिओमशेठ त्या नव्या हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, गेलेली मानसं येत नस्त्यात. फुडचा इषय घ्या." ते काही दुष्टपणानं म्हणाले नाहीत. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला असतात, तुला माहीत आहे. मला मात्र खाली बसताना गणेश मंडळाच्या बैठका आठवल्या. माझं वाक्य संपायच्या आत मागून तुझा आवाज यायचा, "आपलं अनुमोदन हाय!" ऐकलेलं नसायचंच तू काही. एकदा गणपतीच्या राखणीला बसल्या बसल्याच मी मांडलं की रात्री राखणीला बसून जो झोपेल त्याला आरतीचा मान नाही. तू त्या राखणीतच घोरत होतास आणि घोरता घोरता अनुमोदन दिलंस. त्या वर्षी तू आरतीला लांब उभा राहिलास आणि तरी माझ्याशी भांडला नाहीस.

असो. ठराव पुढच्या बैठकीवर ढकललाय, तेव्हाही अनुमोदक मिळाला नाही तर तो बारगळला. मी अजिबात मनाला लावून घेतलेलं नाही. कामं खूप आहेत. एकटेपणा वगैरे वाटायला वेळच कुठं आहे? सर्वांना आशीर्वाद. नातवाला या पत्राचं पाकीट खेळायला दे.

तुझा,
वैजिनाथअप्पा
(जाणकार सभासद, समुद्र)

ता. क. समितीनं समुद्राच्या पाण्याची एक बाटली नमुना म्हणून मागवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव. चव सगळ्यांना बघायची आहे.

आणखी एक ता. क. पुढची बैठक दसऱ्यानंतर आहे. बाटली तूच घेऊन आलास तर अनुमोदनही होऊन जाईल. तुझं नाव अजून इथल्याच मतदार यादीत आहे, मी बघून आलोय. दुकानावरची खोली झाडून ठेवली आहे.

शेवटचा ता. क., आणि हा शिवकन्येसाठी. बाळ, तो येणार नाही हे मला माहीत आहे. नातू सोडून त्यानं येऊही नये. हरिओमशेठ खरं बोलले. पण समुद्राच्या जाणकारानं एकदा तरी समुद्र बघितला पाहिजे असं मला वाटतं. तुमच्या घरी ओसरीवर एक खाट मावेल का? मी फार खात नाही, भाकरी वाकडी चालते आणि धान्य निवडून देईन. अडचण असेल तर मोकळेपणानं कळव, राग येणार नाही. दुकानाच्या सावलीला किल्ली लागत नाही, शेळ्या बसतील.

ठराव : आश्रुबा आणि वैजिनाथ यांनी एका बाकावर बसावे. गाव कुठलंही चालेल, पाणी कसलंही चालेल.
सूचक : वैजिनाथ.
अनुमोदक :

ही जागा मोकळी सोडली आहे. त्याला न ऐकताच हो म्हणायची सवय आहे, म्हणून हा एवढा ठराव मात्र त्याला दोनदा वाचून दाखव.