ओळ क्रमांक कळवावा

दिनांक ९ मार्च २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्याच घरात, माझ्याच मुलीसमोर, माझ्या धाकट्या जावेने माझी स्तुती केली. हे मृत्युपत्र लिहिण्याचे कारण तेवढेच.

मी, वय वर्षे बहात्तर, छापखान्यात चौतीस वर्षे प्रुफे तपासून निवृत्त झालेली, या दुमजली घराच्या वरच्या मजल्याची मालकीण, हे स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळेही आहेत. जानेवारीत एका आणि फेब्रुवारीत दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचायला सांगितली तेव्हा मी ती वाचली आणि तिच्यातले एक अक्षर फुटके छापले आहे हेही दाखवले. त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. गोड बोलण्याचा प्रकार मात्र झाला. त्याबद्दल कलम चार पाहावे.

कलम एक. वरचा मजला, त्यातल्या सर्व सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला. खालचा मजला धाकट्या दिरांचा होता, आता धाकटीचा आहे, त्याच्याशी माझा संबंध नाही. जिन्यातला दिवा दोघींचा सामाईक आहे. तो बावीस वर्षे मीच लावते आणि मीच विझवते. माझ्यानंतर तो कोण लावतो ते मला पाहायला मिळणार नाही, पण धाकटीला अंधारात चाचपडताना माझी आठवण व्हावी एवढी इच्छा नोंदवून ठेवते.

कलम दोन. शब्दकोश, भिंग आणि लाल पेन्सिलींचा डबा छापखान्यातल्या माझ्या जागेवर आता जी मुलगी बसते तिला. तिने मागच्या महिन्यात एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचे आडनाव चुकू दिले. भिंग तिला माझ्यापेक्षा जास्त लागेल.

कलम तीन. लोकर.

हे कलम नीट वाचावे, कारण माझी खरी मिळकत हीच आहे. पलंगाखालच्या दोन ट्रंका, कपाटाचा वरचा कप्पा, पाहुण्यांच्या खोलीतली गादीखालची पेटी, आणि स्वयंपाकघरातला एक डबा ज्यावर 'रवा' लिहिले आहे. त्यात रवा नाही. याशिवाय एकतीस पिशव्या, प्रत्येकीत सुरू केलेले एक विणकाम, सुयांसकट. मोजे आहेत, शाली आहेत, एक घोंगडीएवढे काहीतरी आहे ज्याचा हेतू मला आता आठवत नाही.

लोक याला आरंभशूरपणा म्हणतात. म्हणोत. कोपऱ्यावरच्या लोकरवाल्याने हाक मारून "बाई, नवीन रंग आलाय, आधी तुम्हाला दाखवतो" म्हटले की माझ्या पोटात अजून शाळा सुटल्यासारखे होते. लडी हातात घ्यावी, वजन जोखावे, गालाला लावून पाहावी, घरी येऊन खुर्चीच्या पाठीवर अडकवून तिचा गुंडा करावा आणि पहिले टाके घालावेत. त्या पहिल्या ओळीत तो स्वेटर संपूर्ण असतो. बाही कुठे आखूड नसते, गळा कुठे ओढत नसतो. पुढच्या दोनशे ओळी म्हणजे त्या पहिल्या ओळीतून एकेक गोष्ट वजा करत जाणे. मग दुकानात दुसरा रंग येतो.

धाकटीचे तसे नाही. ती एका वेळी एकच विणकाम करते, लागेल तेवढीच लोकर आणते आणि वीतभर धागा उरला तर त्याने पापडाची पिशवी बांधते. हे चांगले आहे असे सगळे म्हणतात. पण घरातल्या फोटोंचा अल्बम काढा. माझी मुलगी सहा वर्षांची, अंगात काकूचा स्वेटर. दहावीच्या निकालाच्या दिवशी, काकूचा. आमच्या ह्यांनी तिने विणलेली बिनबाह्यांची बंडी चौदा वर्षे घातली. मी त्यांच्यासाठी तीन सुरू केल्या होत्या. शेवटच्या आजारात मी त्यांना म्हटले, "ती काढा आता, विटली आहे." तर म्हणतात, "अगं, ही निदान आहे तरी." रुग्णालयातून त्यांचे कपडे पिशवीत घालून दिले तेव्हा सर्वांत वर तीच होती. मी ती धुऊन, घडी करून धाकटीला परत केली. ती रडली. मीही रडले असते, पण तिने आधी सुरुवात केली.

कलम चार. झालेली आगळीक.

माझी मुलगी नोकरीसाठी घर सोडून गेली त्या वर्षी मी तिच्यासाठी शेवाळी रंगाचा, पुढे बटणांचा स्वेटर सुयांवर घातला. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, उजवी बाही बहुधा झाली, डावी किती झाली ते आठवत नाही. मग दुकानात तो निळा आला. शेवाळी पिशवी पलंगाखाली गेली त्याला अकरा वर्षे झाली. मुलगी दरवर्षी विचारायची, "आई, माझा स्वेटर?" आणि मी म्हणायची, "होतोय." पाच वर्षांनी तिने विचारणे सोडले. ते मला जास्त लागले.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसातून चारदा थेंब घालायचे होते, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटे डोळे मिटून पडायचे. थेंब घालायला धाकटी वर यायची. वेळेवर यायची, हे मान्य करते. पहिला थेंब घालून ती पलंगाजवळच्या स्टुलावर बसायची आणि विणायची. मला सुयांचा आवाज यायचा.

मी विचारले, "काय घातलंयस नवीन?"

"नवीन कुठलं, वहिनी. नव्याचे नऊ दिवस तुमच्याकडे. माझं आपलं जुनंच."

"सुया अडखळतायत तुझ्या. वय झालं का?"

"तुमच्याहून सहा वर्षांनी कमीच झालंय," ती म्हणाली. "दुसरा थेंब घालते, डोळे उघडा."

तिच्या सुया अडखळताना ऐकून मला बरे वाटले होते, हेही शपथेवर लिहून ठेवते. आठवड्याभराने त्या अडखळेनाशा झाल्या.

९ मार्चला मुलगी आठवड्याभराच्या रजेवर आली. पलंगावर कागदात गुंडाळलेले पुडके होते. तिने उघडले, आत तोच शेवाळी स्वेटर, पुरा झालेला. तिने तो अंगात घातला, बाह्या खाली ओढल्या. मनगटावर बरोबर बसल्या. ती माझ्या गळ्यात पडली. दारात धाकटी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. घड्याळात अकरा वीस झाले होते. ती म्हणाली, "वहिनींनीच विणलाय सगळा. डोळे बरे व्हायची वाट पाहत होत्या."

मी गप्प बसले. गुन्हा तिचा एकटीचा नाही, हे मला कळते. पण मला गप्प बसायला लावणारी ती.

आता मुद्दा. शाळेत शिवणाच्या सिस्टर विणकाम शिकवायच्या. टाका समोरून उचलायचा असतो, मी तो पहिल्या दिवसापासून मागून उचलते, त्यामुळे प्रत्येक टाक्याला पीळ पडतो. सिस्टरने बोटांवर सुई मारून पाहिली, तासभर कोपऱ्यात उभे करून पाहिले. सुंभ जळला, पण पीळ गेला नाही. त्या हात टेकून म्हणाल्या की निदान चोरी झाली तर तुझे विणकाम लगेच ओळखता येईल. माझ्यासारखा टाका मी दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिलेला नाही. धाकटीचा टाका सरळ, दाबून बसवलेला, छापल्यासारखा. तेव्हा हात कुठे बदलला ते ओळखणे सोपे होते. अक्षरजुळणी करणारा मध्येच बदलला तर मी पानावर बोट ठेवून सांगत असे.

मुलगी आंघोळीला गेली तेव्हा मी स्वेटर खिडकीशी नेला. कात्रीही घेतली होती. माझे तेवढे ठेवायचे, तिचे उसवायचे, असा विचार होता. डावी बाही मनगटापासून मोजली, एकशे अठरा ओळी. उजवी, एकशे अठरा. चारदा मोजल्या. प्रत्येक टाक्याला पीळ आहे. आतून पाहिले. नवीन गुंडा जोडताना मी गाठ मारते, धाकटी कधीच मारत नाही, तिला गाठी गावंढळ वाटतात. सगळीकडे गाठी आहेत. माझ्याच तशा, कुरूप, दोन फेऱ्यांच्या. कुठपर्यंत उसवायचे ते कळेना. कात्री परत डब्यात ठेवली.

संध्याकाळी खाली गेले. म्हटले, "आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण नागोबाने बीळ पुरं करून दिलेलं पहिल्यांदा पाहिलं. कुठून सुरू केलंस?"

"तुम्ही सोडलं होतंत तिथून."

"म्हणजे कुठून?"

"आता काय आठवतंय, वहिनी." तिने पोळी उलटली. "तुमच्यासारखं वाकडं विणायचं म्हणजे सोपं आहे का? सरळ विणलं असतं तर चार दिवसांत उरकलं असतं."

"मग विणायचं होतंस सरळ."

"आणि तिला कळलं असतं म्हणजे?"

तव्यावरची पोळी करपली, तीही तिने माझ्याच पानात वाढली.

मुलगी शनिवारी स्वेटर घालून गेली. आता तिचा फोन येतो. "आई, ऑफिसात सगळ्या विचारतात, कोणी विणला. मी सांगते, आईने." मी म्हणते, "हं." माझी चूक माझ्याकडे एकच होती, ती सर्वस्वी माझी होती, सिस्टरलाही हिसकावून घेता आली नाही. ती चूकच धाकटी पलंगाजवळच्या स्टुलावर बसून शिकली, मी डोळे मिटून पडलेली असताना.

कलम पाच. वर लिहिलेली सर्व लोकर आणि एकतीसही पिशव्या माझ्या मृत्यूनंतर धाकट्या जावेला. अट अशी की त्यातले एकही काम पुरे करण्यापूर्वी तिने एक नवीन घालावे, लोकरवाल्याकडून नवीन रंग आणून, कोणासाठी ते न ठरवता. पहिली ओळ म्हणजे काय ते तिला एकदा कळू दे. मात्र खाली मागितलेले उत्तर मुदतीत मिळाले नाही, तर सर्व लोकर माझ्या शाळेच्या शिवणवर्गाला जाईल आणि तिथल्या मुली त्या लोकरीचे सरळ टाके घालतील.

ठिकाण: वरचा मजला, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: २४ मार्च २०२५
सही: थोरली

साक्षीदार:
१. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई (लिहिणारी शुद्धीवर असून तिला दिसते, असे त्यांनी तपासून सांगितले.)
२. कोपऱ्यावरचे लोकरवाले (कलम तीन त्यांनी दोनदा वाचून घेतले. 'रवा' लिहिलेल्या डब्याची त्यांना कल्पना नव्हती.)

या मृत्युपत्राची एक प्रत आजच जिन्यातला दिवा लावताना खालच्या दाराच्या फटीतून आत सारली आहे. धाकट्या जावेने पुढील गोष्ट लेखी कळवावी: डाव्या बाहीत, मनगटापासून मोजता, तिचा हात कोणत्या ओळीपासून सुरू होतो. उजव्या बाहीत तिने एकही ओळ विणली असल्यास तीही. 'आठवत नाही' हे उत्तर धरले जाणार नाही, कारण जी बाई गाठीसुद्धा माझ्यासारख्या मारते, तिने ओळी मोजल्या नसतील यावर माझा विश्वास नाही. मुलीला मी काही सांगणार नाही. माझ्या त्या 'हं'मध्ये माझे किती, एवढेच मला मरण्यापूर्वी माहीत असावे.

मुदत मंगळवार, १५ एप्रिल २०२५, संध्याकाळी पाच. आकडा अंकात आणि अक्षरात, दोन्हींत लिहावा.