बिनमिठाची बिस्किटं

ता. ४ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आईच्या पत्रावरून कळलं, की तापातून उठल्यावर तुम्ही भट्टी बंद केली ती केलीच. बेकरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘बंद आहे’ एवढंच सांगता. मी समजूत घालायला लिहीत नाही. माझं काम अडलंय म्हणून लिहितेय.

वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये शुकशुकाट असतो. एरवी त्यांना फिरवायला येणारी माणसं आपापल्या घरी जातात, आणि ही बिचारी फाटकाकडे डोळे लावून बसतात. यंदा सुट्टीत त्यांना घरी भाजलेला खाऊ द्यायचा, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. खोलीवर बिस्किटं करून पाहिली, ती खिळे ठोकण्याच्या कामाची झाली. आमच्याकडे एक काळा कुत्रा आहे, ऊठसूट हरकत घेतो म्हणून त्याला वकीलसाहेब म्हणतात. त्यांनी एक बिस्किट तोंडात धरलं, कोपऱ्यात नेलं आणि रीतसर पुरून टाकलं.

यात मीठ नको, साखर नको. मनुका, चॉकलेट, कांदा तर कुत्र्यांना विषच. कणीक, लाल भोपळा, अंडं आणि बिनखाऱ्या शेंगदाण्याचं कूट, एवढंच. कराल का? माझा हात तुमच्यावर गेलेला नाही, हे आता सिद्ध झालंय.

तुमच्या होकाराची वाट पाहणारी,
भिंगरी

ता. ९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. जमणार नाही.

उभा जन्म माणसांसाठी पाव भाजले, आता कुत्र्यांसाठी कसं भाजू, असं माझ्या मनात आलं असेल असं समजू नकोस. अडचण नाकाची आहे. पाव झाला हे मला घड्याळानं कधी सांगितलं नाही, वासानं सांगितलं. तापानं नेमका तोच नेला. बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी भट्टीभर पाव जळाले. मी समोर उभा होतो आणि मला पत्ता नाही. धूर बघून तुझी आई मागच्या दारानं धावत आली. पुन्हा ते नको.

भोपळ्याचं पाणी न आटवता तू कणकेत घातलं असशील, आणि गोळा सैल झाला म्हणून पीठ ओतत गेली असशील. दुसरं काय! तुमच्याकडे म्हातारी कुत्री आहेत का? दात पडलेली? त्यांना मऊ लागेल. वकीलसाहेबांचं तोंड केवढं आहे? सहज विचारतोय.

जिवाला जप. नकाराचा राग धरू नकोस.

तुझे बाबा

ता. १७ डिसेंबर

भिंगरीबाईस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तू उलटटपाली दात पडलेल्या म्हाताऱ्यांची हकिकत कळवलीस ना, तिनं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठले आणि भोपळा चिरायला बसले.

पहिली खेप काळीठिक्कर झाली. यांनी ट्रे आपटला, ॲप्रन काढून खुंटीला लावला. मला वाटलं, आटोपलं. पण थोड्या वेळानं स्वयंपाकघरात आले आणि खाली बघत म्हणाले, “तू जरा माझ्याजवळ उभी राहशील?”

इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला भट्टीपाशी फिरकू दिलं नव्हतं. लुडबूड नको म्हणायचे. आता नाक माझं, हात यांचे. मी म्हटलं झालं, हे म्हणाले इतक्यात कसं होईल, मी म्हटलं मग मला कशाला उभं केलंत. तेवढ्यात कडा करपल्या. तिसऱ्या खेपेला मी ‘काढा’ म्हटलं आणि यांनी मुकाट्यानं काढलं. चाखायला शेजारच्या शिक्षिकाबाईंची कुत्री बोलावली. ती आता आमच्या दारातून हलत नाही, आणि बाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

काल हे कणीक मळताना शीळ घालत होते. आईनं लेकीचे आभार मानू नयेत म्हणतात. मी मानते.

माया अशीच ठेव.
आई

ता. २८ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

खोकी पोचली, फोडली, संपली. वकीलसाहेबांनी एकही हरकत घेतली नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक स्वतः खाऊन पाहिलं आणि मीठ हवं होतं म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र नीट सांगायची आहे. आमच्याकडे एक म्हातारी तपकिरी कुत्री आहे, तिला आम्ही मावशी म्हणतो. घर बदलताना तिच्या माणसांनी तिला आमच्या फाटकाला बांधलं आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती कुणाच्या हातचं खात नसे. वाडगं ठेवून आपण दूर जायचं, मग ती उठायची. सुट्टीच्या पहिल्या दिवशी मी मऊ बिस्किट तळहातावर धरून तिच्याजवळ नुसती बसून राहिले. मावशीनं बराच वेळ हुंगलं. मग माझ्या हातावरून उचललं, खाल्लं, आणि जागची उठली नाही. दुसरं मागायला नाक माझ्या मनगटाला लावलं. बाबा, मी तिथंच रडले. काल तिनं फाटकाकडे पाठ करून झोप काढली.

तुम्हा दोघांचे किती आभार मानू ते कळत नाही, म्हणून मानतच राहणार आहे.

लोभ आहेच, खोकीही येत राहावीत.
तुमची भिंगरी

ता. ४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईनं दोनदा वाचून दाखवलं. मावशीच्या भागाशी दोन्ही वेळा ती चष्मा पुसत बसली, म्हणून तेवढं मी वाचलं.

आभार तू कसले मानतेस? मी संपलो असं धरून बसलो होतो. तू सल्ला दिला नाहीस, काम दिलंस. आणि एक गोष्ट मला या वयात समजली. माझी भट्टी मी एकट्यानं चालवतो, असंच मी आजवर समजत आलो. पहाटे चहा कोण देत होतं, पिठाची पोती कोण मोजून घेत होतं, जळाल्या दिवशी धावत कोण आलं, याचा कधी विचारच केला नाही.

बेकरी सोमवारपासून उघडतोय. माणसांसाठी पाव, आणि शनिवारी तुमची बिस्किटं. पाटीवर इतकी वर्षं माझ्या एकट्याचं नाव होतं. रंगाऱ्याला बोलावून शेजारी तुझ्या आईचं घालायला सांगितलं. तो म्हणाला, जागा पुरत नाही. मी म्हटलं, माझं बारीक कर.

तुझा लोभ आम्हा दोघांवर सारखाच असावा.

तुझे बाबा